मुदतीचा कागद : सातारा-सांगली परिसरातील हजेरी, पास आणि मजुरीचा हक्क (१८७१–१९५२)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात सनदा, कौलनामे, इनामपत्रे आणि करारनामे यांचा अभ्यास विपुल झाला आहे. परंतु कागदावर लिहिलेली मुदत लक्षात कोणी ठेवायची आणि ती चुकल्यास भुर्दंड कोणी सोसायचा, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. आज एखाद्या रुग्णालयात वा कारखान्यात परदेशी नागरिक नोकरीस असेल, तर त्याच्या व्हिसाची व वास्तव्याच्या परवान्याची तारीख आस्थापनेच्या दप्तरात नोंदलेली असते. तारीख जवळ आली की अर्ज तयार होतो, कारकून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात खेपा घालतो आणि ज्याची मुदत संपत आहे तो गृहस्थ आपले काम करीत राहतो. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ साली झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या दीर्घ काळात जिल्ह्याच्या ठिकाणी ही नोंद पोलीस अधीक्षकांकडेच राहत आली.

त्याच पोलीस अधीक्षकांच्या ताब्यात पूर्वी आणखी एक नोंदवही असे. तिच्यातील माणसे परदेशी नव्हती. ती ज्या गावात जन्मली त्याच गावाच्या शिवारात मजुरी करीत होती. तथापि शिव ओलांडून कामास जावयाचे तर त्यांना मुदतीचा पास लागे, आणि पासाची मुदत संपून एक रात्र उलटली तरी तो गुन्हा ठरे. ही नोंदवही गुन्हेगार जमाती कायद्याखालील होती. कृष्णा, वारणा आणि माणगंगा यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत, या कायद्याने मजुराच्या काळावर कसा ताबा मिळविला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आजचा सांगली जिल्हा त्या काळी अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. औंध संस्थानचे आटपाडी व कुंडल हे तुकडे मुख्य गादीपासून दूर पडले होते, आणि दक्षिणेस वारणेपलीकडे कोल्हापूर होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. हद्दींची ही गुंतागुंत पुढील विवेचनात वारंवार येईल, कारण पासाचा सारा व्यवहार हद्दीवरच उभा होता.

गावगाड्यातील मुदत

मुदतीची कल्पना इंग्रजांनी आणली असे मानण्याचे कारण नाही. पेशवाईत कमाविसदाराची नेमणूक सामान्यतः वर्षाच्या हिशेबाने होई व ती पुढे चालू ठेवावयाची तर हुजुरातून मान्यता लागे. प्रवाशास व मालास दस्तक लागे. हजेरी हा शब्दही फौजेच्या आणि किल्ल्यांच्या व्यवहारातला. शिबंदीची हजेरी घेतली जाई, कारण हजेरीवर पगार ठरत असे. म्हणजे ज्याची हजेरी लागली त्यास पैसा मिळे. ब्रिटिश काळात हा शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ उलटला. ज्याची हजेरी घेतली जाई त्यास पैसा तर मिळत नसेच, उलट हजेरीपायी त्याची मजुरी बुडत असे. शब्दाचे इतके विपरीत भाग्य मराठी प्रशासकीय परिभाषेत दुसरे सहसा सापडत नाही.

रामोशी आणि मांग (मातंग) हे गावगाड्यातील घटक. रामोशी गावाची व किल्ल्याची राखण करीत आणि त्याबद्दल हक्क घेत. मांगांकडे दोरखंड वळणे, वाजंत्री आणि काही ठिकाणी जागल्याचे काम असे. चोरीचा माग काढणे ही रामोशाची जबाबदारी मानली जाई आणि माग लागला नाही तर भरपाईचा तगादाही त्याच्यावरच येई. मराठी सत्ता संपुष्टात आल्यानंतर किल्ल्यांवरील राखणदारी गेली व तिच्याबरोबर येणारे उत्पन्नही गेले. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईक यांनी जो उठाव केला त्यामागे हे गमावलेले हक्क होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले. ज्यांच्याकडे गावाची राखण होती तेच पुढे राखण करण्यायोग्य संशयित ठरविले गेले. हा बदल एका दिवसात घडला नाही. नव्या पोलीस व्यवस्थेत त्यांना स्थान उरले नाही, जमीन पुरेशी नव्हती, आणि दुष्काळात पोट भरण्याचे जे मार्ग उरले त्यांतील काही मार्ग कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचे होते.

कायदा आणि नोंदवही

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानपुरता होता. मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास तो लागू करण्याची सोय १९११ च्या कायद्याने झाली आणि १९२४ च्या कायद्याने त्यास अंतिम रूप आले. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ साली इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार जातींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. रामोशी, मांग, कैकाडी, बेरड, पारधी अशा जातींच्या पोशाखापासून सवयींपर्यंतची वर्णने त्यात आहेत. एखाद्या वनस्पतीच्या जातिप्रकारांची नोंद करावी त्या धाटणीने माणसांची नोंद करणारे हे वाङ्मय आज वाचताना अस्वस्थ करते. पण त्याची उपयुक्तता त्या काळी निर्विवाद होती, कारण कायदा व्यक्तीच्या कृत्याकडे न पाहता जमातीच्या नावाकडे पाहत होता.

कायद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची. त्यानंतर जिल्हा मॅजिस्ट्रेटने तिच्या व्यक्तींची नोंदवही करवून घ्यावयाची. नोटीस काढून सर्वांना ठराविक जागी बोलवावयाचे, माहिती घ्यावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे. तयार झालेली नोंदवही पोलीस अधीक्षकांच्या ताब्यात राहावयाची. नोंदलेल्या व्यक्तीने ठराविक वेळी हजेरी द्यावी, राहण्याचे ठिकाण कळवावे, ते बदलावयाचे असल्यास कळवावे, आणि केवळ काही काळ गावाबाहेर जावयाचे असले तरी आधी कळवावे, असे बंधन घालता येई. जमात गुन्हेगार जाहीर करण्याचा सरकारी निर्णय बरोबर की चूक, हे विचारण्यासाठी न्यायालयाचे दार बंद ठेवण्यात आले होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र १८७१ च्या मूळ कायद्यातच होती आणि पुढे ती टिकली. पासात तीन गोष्टी नमूद करण्याची सोय त्या कायद्याने केली होती. धारकाने कोठे जावे वा राहावे ही पहिली, कोणासमोर वेळोवेळी हजर व्हावे ही दुसरी, आणि किती काळ बाहेर राहावे ही तिसरी. पासाशिवाय सापडलेला मनुष्य आणि पास असूनही त्यातील जागा वा वेळ सोडून सापडलेला मनुष्य, यांना कायद्याने एकाच पंक्तीत बसविले. अशा माणसास वॉरंटाशिवाय पकडता येई. पकडण्याचा अधिकार पोलिसांपुरता नव्हता. गावचा मुखत्यार आणि राखणदारही त्यास धरू शकत.

म्हणजे मुदत संपलेला पास हा पास नसण्याच्या बरोबरीचा होता. अधला काळ, सवलतीचे दिवस, उशिराचा दंड भरून नूतनीकरण, अशी जी व्यवस्था साध्या व्यापारी परवान्यातही असते ती येथे कायद्याच्या मांडणीत नव्हती. वेळ चुकणे हेच कृत्य मानले गेले.

साधारण याच काळात समुद्रापलीकडेही असा प्रयोग चालू होता. मॉरिशसमधील १८६७ च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या हिंदी मजुरांना छायाचित्रासह पास बाळगणे भाग पाडले आणि पास नसणाऱ्यास भटक्या म्हणून पकडण्यास सुरुवात झाली. मुंबई बंदरातून गेलेले मराठीभाषक मजूरही त्या बेटावर होते. तेथील मजुरांच्या तक्रारींवरून पुढे शाही चौकशी आयोग नेमला गेला. मॉरिशसमध्ये निदान मळेवाल्यांना मजूर हवे होते हा हेतू उघड बोलला जाई. दख्खनमध्ये हेतू गुन्हेनिवारणाचा सांगितला गेला. परिणाम मात्र मजुरीवर झाला.

चावडीवरची तारीख

जिल्ह्याच्या ठिकाणची नोंदवही पोलीस अधीक्षकांकडे असली तरी रोजचा व्यवहार गावच्या चावडीवर चाले. हजेरी पाटलापुढे द्यावी लागे. पाटील हा वतनदार, पोलीस अधिकाराचा गावातील धनी, आणि बहुतेक गावांत तोच मोठा शेतकरी. या तिहेरी भूमिकेकडे आजवरच्या लेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. कोणी गावाबाहेर जावे व किती दिवस जावे याविषयी ज्याचे मत वरपर्यंत जाणार, त्यालाच सुगीत स्वस्त मजूर हवे असत. त्याने मनात काय धरले हे दप्तरातून कळणार नाही. परंतु अशा रचनेत मजुराने शेजारच्या तालुक्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून जाण्याची परवानगी मागणे म्हणजे आपल्या मालकाकडेच दुसऱ्या मालकाकडे जाण्याची चिठ्ठी मागणे होते.

हजेरीमुळे मजुराच्या कामाचा घेर आपोआप ठरून जाई. ज्यास रात्री चावडीवर हजर व्हावयाचे आहे तो सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्याच अंतरावर काम धरू शकतो. दोन-तीन कोसांपलीकडचे शिवार त्याच्यासाठी नव्हतेच. पास मिळाला तर हा घेर वाढे, पण मोजक्या दिवसांपुरता. आणि कृष्णाकाठची कामे मोजक्या दिवसांत बसणारी नव्हती. गुऱ्हाळ एकदा लागले की ऊस संपेपर्यंत चुलाण विझत नाही. मळणीच्या वेळी वारा पडला तर उफणणी अडते. हळद शिजविणे, वाळविणे, घोळणे यांस उन्हाचा भरवसा लागतो. अवकाळी पाऊस आला तर आठ दिवसांचे काम बारा दिवसांवर जाते. अशा वेळी मजुरापुढे दोनच वाटा उरत. काम अर्धे टाकून, बहुधा मजुरीवर पाणी सोडून, मुदतीत परतावे. किंवा काम पुरे करून पासाबाहेर सापडण्याचा धोका पत्करावा. मुदत वाढवून घेण्यासाठी परत जावयाचे तर जाण्यायेण्यात दिवस मोडत आणि जागा दुसऱ्यास मिळे.

आणखी एक अडचण वरकरणी क्षुल्लक वाटेल. गावगाड्यात दिवस मोजण्याची रीत तिथी, बाजारवार आणि सणावर चालत असे. पुढच्या अमावास्येला, बेंदराला, अमक्या गावच्या बाजाराला, अशा खुणांनी माणसे काळ बांधीत. पासावरची तारीख इंग्रजी महिन्याची. ज्यास अक्षरओळख नाही त्याला कागदावरचा मजकूर दुसऱ्याने वाचून दाखवावा लागे, आणि वाचून दाखविणारा कुळकर्णी वा शिपाई जे सांगेल ते खरे धरावे लागे. स्वतःच्या सुटकेचा आणि अटकेचा दिवस ज्या कागदावर लिहिला आहे तो कागद कमरेला खोवून हिंडणारा आणि तो वाचू न शकणारा मजूर, ही या कायद्याची नित्याची परिस्थिती होती. तारीख सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्याच्याकडे ती सांभाळण्याचे एकही साधन नव्हते. सारी साधने, म्हणजे वही, दिनदर्शिका, लेखणी आणि शिक्का, पलीकडच्या बाजूस होती.

या व्यवहाराचे आतून घडलेले दर्शन सरकारी कागदांत मिळत नाही. ते मिळते साहित्यात. वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत मांगवाड्यावर लादलेली हजेरी कथानकाच्या मध्यभागी आणली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी हे इतिहासाचे प्रमाण नव्हे, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हजेरीचा अपमान आणि हजेरीमुळे बुडणारे पोट या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, ही जाणीव ज्या समाजाने ती सोसली त्यातून आलेल्या लेखकाकडे जितकी स्पष्ट आहे तितकी त्या काळच्या कोणत्याही अहवालात आढळत नाही. अण्णा भाऊ स्वतः लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईस गेले. गाव सोडून शहरात जाण्याच्या ज्या लाटेचा उल्लेख सामान्यतः दुष्काळ व गिरण्या या दोन कारणांनी केला जातो, तिच्यामागे चावडीपासून दूर जाण्याची ओढ किती होती, याचा शोध अद्याप घ्यावयाचा आहे.

ज्यांना गावात ठेवावयाचे नाही अशा कुटुंबांसाठी सेटलमेंटची योजना होती. सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर, बारामती इत्यादी ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतील स्त्री-पुरुष कापडगिरण्यांत कामास जात. तेथे गिरणीचा भोंगा व वसाहतीची हजेरी यांचा मेळ घातलेला होता. गावातल्या पासापेक्षा ही व्यवस्था एका अर्थाने सोपी म्हणावी लागेल, कारण तारीख लक्षात ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. तो तारेच्या कुंपणाने सोडविला. स्टार्ट यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीविषयी जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. परंतु सुधारणेची कळकळ असलेल्या अधिकाऱ्यालाही कुंपणाशिवाय सुधारणा सुचू नये, यावरून त्या काळच्या विचाराची मर्यादा ध्यानात येते.

हद्दीपलीकडची संस्थाने

ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. त्यामुळे सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात विचित्र स्थिती निर्माण झाली. तासगाव तालुक्यातील मजूर सांगलीच्या पेठेत हमालीस गेला तरी तो परक्या हद्दीत जात होता. कुंडलकडे गेला तर औंधच्या हद्दीत, वारणा ओलांडली तर कोल्हापूरच्या. एका दिवसाच्या पायपिटीत तीन राज्यांच्या सीमा लागत. जमीनदारास वा व्यापाऱ्यास या सीमा जकातीपुरत्या जाणवत. नोंदवहीतल्या माणसाला त्या प्रत्येक पावलाला जाणवत असल्या पाहिजेत.

पण याच हद्दींमुळे वेगळे प्रयोगही शक्य झाले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. मुंबई इलाख्यात कायदा अधिक कडक होण्याच्या मार्गावर असताना शेजारच्या संस्थानात हजेरी उठली, हा कालक्रम लक्षणीय आहे. शाहूंनी केवळ हुकूम काढला नाही. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्या फासेपारध्यांना सोनतळीस आश्रय दिला, कामे दिली आणि पहाऱ्यावरही नेमले. माणसाच्या हालचालीची नोंद ठेवण्याऐवजी त्यास कामाची खात्री द्यावी, असा त्यामागचा विचार दिसतो.

औंध संस्थानात हाच विचार दोन निरनिराळ्या मार्गांनी आला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना व वसाहत उभारली. तेथील रात्रपहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमण्यात आली होती, असे किर्लोस्कर घराण्यातील आठवणींत नमूद आहे. कारखानदाराने हे भूतदयेने केले की पूर्वीच्या राखणदारीची परंपरा ओळखून केले, यावर वाद होऊ शकेल. गावगाड्यातील रामोशाच्या जुन्या भूमिकेची जाण असलेल्या माणसाला हा निर्णय फारसा धाडसाचा वाटला नसावा.

दुसरा मार्ग अधिक मूलगामी होता. १९३९ च्या आरंभी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्याच वर्षी पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, ज्यांना भारतानंद या नावानेही ओळखले जाते, यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि शब्दावर परत यावे, अशी ती योजना. ग. दि. माडगूळकर याच परिसरातले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर आधारलेला आहे.

येथे एक विसंगती नोंदविणे भाग आहे. १९३९ साली स्वतंत्रपुरात न्यायालयाने शिक्षा दिलेला कैदी कुंपणाशिवाय शेत नांगरीत होता. तेथून काही कोसांवर, ब्रिटिश हद्दीतील खानापूर तालुक्यात, कोणताही गुन्हा सिद्ध न झालेला पण नोंदवहीत नाव असलेला मजूर कायद्याने पासाच्या तारखेला बांधला जाऊ शकत होता. त्याच वर्षी क. मा. मुनशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबई सरकारला गुन्हेगार जमाती कायद्याविषयी अहवाल सादर केला होता. पुढे युद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रश्न लांबणीवर पडला. औंधचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र टिकले व राज्याच्या तुरुंग खात्याकडे आले.

कायदा रद्द, हजेरी शिल्लक

मुंबई राज्यात गुन्हेगार जमाती कायदा १९४९ साली रद्द झाला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून गेला, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कागदावर पाहिले तर दक्षिण सातारा जिल्हा जन्मला त्याच वर्षी तेथील नोंदवही बंद झाली. वस्तुतः तत्पूर्वीच, १९४७ साली, मुंबई सरकारने सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केलेला होता आणि १९५९ साली त्याच धर्तीचा नवा कायदा आला. फरक महत्त्वाचा होता. आता नोंद जमातीच्या नावाने व्हावयाची नव्हती, व्यक्तीस पूर्वी झालेल्या शिक्षांवरून व्हावयाची होती. तत्त्वतः हा बदल मोठा मानला पाहिजे, आणि तो केवळ शब्दांचा खेळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु नोंदलेल्या व्यक्तीने ठराविक अवधीने हजर राहावे, राहण्याचे ठिकाण व बाहेर जाणे कळवावे, ही जुनी चौकट नव्या कायद्यांतही उतरली. शिवाय ज्यांना आधीच्या कायद्याखाली वारंवार शिक्षा झाल्या होत्या, त्यांतील अनेक शिक्षा निव्वळ हजेरी वा पास चुकल्याच्या असणार हे उघड आहे. अशा माणसाचा पूर्वेतिहास मुळातच मुदतीच्या कागदाने लिहिला होता.

चावडीही बदलली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे संपुष्टात आली आणि १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला. हजेरी घेणारा मोठा शेतकरी व हजेरी देणारा त्याचा मजूर ही जोडी कायद्याने मोडली. त्यानंतरच्या पिढीने लेखणी हाती घेतली. फलटण भागातील कैकाडी समाजातून आलेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० साली आले व त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावोगाव टोपल्या विणीत हिंडणाऱ्या कुटुंबाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते याचे चित्र त्यात आहे. कायदा गेल्यानंतर जन्मलेली माणसेही त्या नजरेतून सुटली नव्हती.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली सराईत गुन्हेगारविषयक कायदे रद्द करण्याची शिफारस केली. २००७ साली वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही तसेच सुचविले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल २००८ साली सादर झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिनिहाय तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीच्या निर्णयांतील मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असे बजावले.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या इतिहासात या विषयाचे साधन अजून विखुरलेले आहे. गावकामगार पाटलांच्या घरी पडलेली दप्तरे, तालुका कचेऱ्यांतील फौजदारी निकाल आणि संस्थानी कागदपत्रे एकत्र वाचली गेल्यास पासाची मुदत नेमकी किती दिवसांची असे, सुगीत ती वाढविली जाई की आखडली जाई, आणि मुदत चुकल्याच्या शिक्षा कोणत्या महिन्यांत अधिक होत, हे ताडून पाहता येईल. पाटलांच्या वाड्यांतील कागद आता मोडीत निघत आहेत, आणि हजेरी दिलेली शेवटची माणसेही आता जवळजवळ उरलेली नाहीत.